टॉर्कचा प्रश्न आणि हॅडनची करवत

त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर ऑल्विन पायबसच्या तोंडून ‘टॉर्कचं काय?’ हे दोन शब्द निघाले नसते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. टॉर्क म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ठाऊक असतं तर तो बोललाच नसता. टिंकर्स क्रीकच्या पतपेढीत तो उपव्यवस्थापक होता, आणि ज्या गोष्टीची माहिती आहे तिच्याबद्दल गप्प कसं बसावं हे त्याच्या नोकरीनं त्याला उत्तम शिकवलं होतं. माहिती नसलेल्या गोष्टीबद्दल गप्प बसायला मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

झालं असं, की त्याचा मेव्हणा नेव्हिल स्कीट जेवायला आला तो नवी चेन-सॉ घेऊन. यूटच्या, म्हणजे मागं उघडा हौदा असलेल्या त्याच्या गाडीच्या, मागच्या फळीवर जुन्या टॉवेलात गुंडाळून, बाळंतिणीनं बाळ आणावं तशी त्यानं ती आणली होती. मार्च उजाडला होता, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या त्या गावात हिवाळा जवळ आला होता, आणि सगळ्यांना जळणाचे वेध लागले होते. अशा दिवसांत नवी करवत घेतलेला माणूस ती कुणाला दाखवल्याशिवाय जेवू शकत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण नेव्हिलनं ती नुसती दाखवली नाही, ऑल्विनच्या बैठकीच्या खिडकीखाली सुरू करून दाखवली. शेजारच्या थेल्मा डॅविटबाईंच्या दोन कोंबड्या त्यानंतर आठवडाभर अंडी घालेनात.

“आतून सगळी खुलवून घेतली आहे,” नेव्हिल मेंढीच्या भाजलेल्या मटणावर पुदिन्याची चटणी ओतत म्हणाला. “रेक्स टंक्सकडून. आतली भोकं रुंद, धुराडं मोकळं. कारखान्यातून निघाली त्याच्या दीडपट पॉवर. बाबांची ती मशीन आता बोटीला नांगर म्हणून बांध तू.”

‘बाबांची ती मशीन’ म्हणजे ऑल्विनच्या सासऱ्याची, म्हाताऱ्या हॅडन स्कीटची करवत. हॅडननं उभा जन्म जंगलात स्ट्रिंगीबार्कची झाडं पाडण्यात घालवला आणि मरताना आपली ती दांडगी, लोखंडी, कुत्र्याच्या पिल्लाएवढ्या इंजिनाची करवत पोटच्या मुलाला न देता जावयाला दिली. का दिली, हे कुणालाच कळलं नाही. ऑल्विनला तर मुळीच नाही, कारण त्याचा आणि झाडांचा संबंध पतपेढीच्या दारातल्या कुंडीपुरता होता. पण देणगी ती देणगी. गॅरेजमध्ये एका फळीवर ती मानानं बसलेली असे, आणि दर रविवारी नेव्हिल काहीतरी निमित्त काढून गॅरेजमध्ये जाई, तिच्याकडे बघे आणि बाहेर येऊन तिची निंदा करी.

एरवी ऑल्विन ते ऐकून घेई. त्या दिवशी कोंबड्यांचा ओरडा, खिडकीच्या काचांचा थरथराट आणि ‘नांगर’ हा शब्द असं सगळं एकदम डोक्यात गेलं, आणि पतपेढीत कुणा सुतारानं कधीतरी उच्चारलेला एक शब्द त्याच्या मदतीला धावून आला.

“पॉवर ठीक आहे रे,” तो काटा खाली ठेवत म्हणाला. “पण टॉर्कचं काय?”

नेव्हिलचा घास थांबला. त्यालाही टॉर्क म्हणजे नक्की काय ते माहीत नसावं, कारण तो फार जोरात म्हणाला, “टॉर्कचं काय म्हणजे? टॉर्कही जास्तच असणार.”

“असणार म्हणजे? मोजलास?”

“तू मोजलास?”

“मी मोजणार आहे,” ऑल्विन म्हणाला. या वाक्याचं त्याला स्वतःलाच इतकं आश्चर्य वाटलं की त्यानं पुन्हा बटाटे वाढून घेतले.

ग्लेनिस, म्हणजे एकाची बायको आणि दुसऱ्याची बहीण, एवढंच म्हणाली, “दोघांपैकी कुणीतरी कापलं तरी चालेल मला. मागं अख्खं झाड पडलंय.” ते खरंच पडलं होतं. मागच्या वादळात परसातला निलगिरी आडवा झाला होता आणि हिवाळ्याचं जळण म्हणून तो कापायचा, असं सर्वांनुमते ठरलेलं होतं. पण मोजल्याशिवाय कापणं आता कुणालाच शोभणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावरचे सल्ले सुरू झाले. टिंकर्स क्रीकमधले पुरुष स्वतःच्या आजाराबद्दल डॉक्टरलासुद्धा सांगत नाहीत, पण करवतीचा विषय निघाला की वाटेत गाडी थांबवून खिडकीतून बोलतात. पलीकडच्या घरातला क्लाइव्ह एस्प्लिन, जो पूर्वी बसगाड्यांचा तपासनीस होता आणि अजूनही प्रत्येकाकडे तिकीट नसल्यासारखा बघायचा, तो कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, “सोपं आहे. एकाच ओंडक्यातून दोन्ही करवती घाल. जी आधी आरपार जाईल ती खरी.”

“पण साखळ्या वेगळ्या आहेत,” ऑल्विन म्हणाला.

“मग साखळ्या बदल.”

“एकीची दुसरीला बसत नाही.”

“मग ओंडका बदल,” क्लाइव्ह म्हणाला, आणि आपण काय बोललो याचा विचार करत घरात गेला.

ऑल्विननं वाचनालयातून एक पुस्तक आणलं आणि टॉर्क समजून घेतला. समजल्यावर तो ग्लेनिसला सांगितल्याशिवाय त्याला राहवेना. ती रास्पबेरीचा जॅम करत होती. गावच्या शोमध्ये, म्हणजे वर्षातून एकदा भरणाऱ्या शेतकी जत्रेत, जॅमच्या स्पर्धेत ती दर वर्षी उतरायची.

“हे बघ, घट्ट बसलेलं बाटलीचं झाकण फिरवायला जो पिळाचा जोर लागतो, तो टॉर्क,” तो म्हणाला. “आणि एका सकाळी तू किती बाटल्या उघडशील, ती पॉवर.”

“म्हणजे दोन्ही माझ्याकडे आहे,” ग्लेनिस म्हणाली. “बाजूला हो, पाक लागतोय.”

आता खरी अडचण अशी होती की हॅडनची करवत ऑल्विनकडून सुरू होत नव्हती. त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत ती त्याच्या हातून एकदाही सुरू झाली नव्हती. दोरी ओढली की अर्ध्यावर मशीन ती अशी हिसकून परत घ्यायची की बोटं बधिर व्हायची. म्हणून त्यानं ती गाडीच्या डिकीत टाकली आणि गुपचूप रेक्स टंक्सकडे नेली.

रेक्सची शेड नदीच्या वळणावर होती. बाहेर पाटी नव्हती, आत मात्र करवतींचा दवाखानाच होता. कुणाची पोटं उघडलेली, कुणाची झाकणं काढून ठेवलेली. रेक्सनं म्हाताऱ्याची मशीन हातात घेतली, तिचं वजन अजमावलं आणि एका झटक्यात सुरू केली. ऑल्विनला ते आवडलं नाही.

“हाडापेरानं मजबूत आहे,” रेक्स म्हणाला. “फक्त हिला नीट श्वास घेता येत नाही. आत हवा जायची वाट रुंद करतो, धूर बाहेर पडायची वाट मोकळी करतो. मग हिच्यापुढं नव्या मशीनींनी मान वर करायची नाही.”

“नेव्हिल स्कीटचीही?” ऑल्विननं शक्य तितक्या सहज विचारलं.

“नेव्हिलचीही,” रेक्स म्हणाला. नेव्हिलला त्यानं नेमकं उलटं सांगितलं होतं, पण धंदा करणाऱ्या माणसानं गिऱ्हाइकाचं मन मोडू नये, या मताचा तो होता.

मशीन परत आली तेव्हा तिचा आवाज तापलेल्या बैलासारखा झाला होता. ऑल्विननं त्या आठवड्यात मापाचं यंत्र बांधायला घेतलं. पुस्तकात कृती होती. करवतीची पट्टी आणि साखळी काढायची, इंजिनाला एका जुन्या ट्रेलरच्या चाकाचा ब्रेक जोडायचा आणि इंजिन जोरात चालू असताना तो ब्रेक हळूहळू आवळायचा. ब्रेकला एक लांब लोखंडी दांडा बांधायचा. इंजिन ब्रेकला फिरवू पाहतं, तेव्हा तो दांडा खाली दाबला जातो. दांड्याखाली वजनकाटा ठेवला की काटा जेवढा हलेल तेवढा टॉर्क. घरात वजनकाटा एकच होता. ग्लेनिस थेल्माबाईंकडे गेली असताना त्यानं तो स्वयंपाकघरातून उचलला.

शनिवारी सकाळी क्लाइव्हच्या साक्षीनं चाचणी झाली. दोरी क्लाइव्हनं ओढली. “माझी पाठ दुखते,” असं ऑल्विननं त्याला सांगितलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत क्लाइव्हची पाठ खरोखर दुखू लागली. हॅडनची करवत कशीबशी सुरू झाली, ऑल्विननं ब्रेकचा पेच आवळला, आणि दांडा खाली आला. पुस्तकात तो हळूहळू खाली येत होता. इथं तो वरवंट्यासारखा आदळला. काटा गर्रकन टोकाला गेला, तिथं थरथरत राहिला, ब्रेकमधून काळा धूर निघाला आणि गॅरेजभर जळक्या बुटांचा वास सुटला.

“किती?” क्लाइव्ह खोकत म्हणाला.

“शेवटपर्यंत,” ऑल्विन म्हणाला. त्याचा चेहरा काजळीनं माखला होता आणि त्यावर पतपेढीच्या नोकरीत कधी न आलेलं तेज आलं होतं.

तेवढ्यात गॅरेजच्या दारात नेव्हिल उभा राहिला. तो धूर बघून आत आला नव्हता. आवाज ऐकून आला होता.

“हा बाबांच्या मशीनीचा आवाज नाही,” तो म्हणाला.

ऑल्विननं इंजिन बंद केलं. बंद करणं त्याला चांगलं जमायचं.

“तू हिला उघडलीस,” नेव्हिल म्हणाला. “रेक्सकडे नेलीस.”

“तूही तुझी नेलीस.”

“ती माझी आहे. दुकानातून आणली मी. ही बाबांची होती. त्यांनी हातानं कानस मारून ठेवली होती हिला.” नेव्हिलचा आवाज खाली गेला, आणि तो ओरडला असता तर बरं झालं असतं असं ऑल्विनला वाटलं. “तुझ्याकडे ठेवायला दिली होती. ठेवायची होती नुसती.”

तो निघून गेला. पुढच्या रविवारी तो जेवायला आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. ग्लेनिसनं तिसरं ताट मांडायचं थांबवलं नाही आणि ऑल्विनशी बोलायचंही थांबवलं नाही, पण ती त्याच्याशी पतपेढीत आलेल्या गिऱ्हाइकासारखं बोलू लागली. “मीठ देता का. आभारी आहे.”

त्यातच शोसाठी नव्यानं केलेला जॅम बिघडला. ग्लेनिसचा जॅम पंचवीस वर्षांत बिघडला नव्हता. यंदा तो बाटलीतून निघेना. निघाला तेव्हा बाटलीच्या आकाराचा निघाला आणि बशीत उभा राहिला. क्लाइव्हनं एक तुकडा खाल्ला आणि त्याचा एक दात हलू लागला. ग्लेनिसनं दुकानातून आणलेलं साखरेचं बंद पाकीट आपल्या काट्यावर ठेवलं. काट्यानं ते निम्म्याहून कमी दाखवलं. तिनं काटा उलटा केला. बुडाला ट्रेलरच्या ब्रेकचं काळं होतं आणि मधोमध पोचा.

“ऑल्विन,” ती म्हणाली.

ऑल्विनला जे वाटलं ते नवऱ्याला शोभणारं नव्हतं. जॅमचं वाईट त्याला नंतर वाटलं. आधी त्याला वाटलं ते हे, की काटा मोडला असेल तर माप खोटं, आणि माप खोटं असेल तर आपण अजून जिंकलेलोच नाही.

चाचणी परत घ्यायला हवी होती, पण तोवर नगरपालिकेचं पत्र आलं होतं. थेल्माबाईंनी तक्रार केली होती. ‘मनाला लावून घेऊ नका, फक्त कोंबड्यांसाठी केली,’ असं त्या स्वतः येऊन सांगून गेल्या, सोबत अर्धा डझन अंडी देऊन. ऑल्विन कोट घालून नगरपालिकेत गेला. ध्वनिप्रदूषणाच्या टेबलामागं ब्रॉनविन स्टॅग नावाची एक अतिशय नम्र तरुण बाई होती.

“निवासी भागात चेन-सॉ ठरावीक वेळात वापरता येते, मिस्टर पायबस,” ती म्हणाली. “तुम्ही लाकूड कापत होता ना?”

“नाही. कापत नव्हतो. साखळी काढून ठेवली होती.”

ब्रॉनविननं पेन खाली ठेवलं. “साखळी नसेल तर ती चेन-सॉ नाही.”

“नाहीच. म्हणून तर मी म्हणतो...”

“मग ते स्थिर इंजिन झालं. निवासी भागात स्थिर इंजिन म्हणजे कारखाना. त्याला वेगळी परवानगी लागते.”

“आणि मी साखळी बसवली तर?”

“तर ती चेन-सॉ. पण मग ती लाकूड कापण्यासाठी हवी. तुम्ही तर कापत नाही म्हणता.”

“समजा शेजारी एक काटकी ठेवली?”

ब्रॉनविनला त्याची मनापासून दया आली असावी. तिनं आत जाऊन कुणाला तरी विचारलं आणि परत येऊन सांगितलं, की शोच्या मैदानावर, शोच्या दिवशी, एखादा जाहीर कार्यक्रम म्हणून केलं तर कुठलीच अडचण नाही. मैदानाचा विमा शोच्या मंडळाचाच असतो. शोचे सेक्रेटरी हे तिचे काकाच होते. तिनं तिथल्या तिथं फोन लावला.

अशा रीतीनं, नवरा-बायकोतसुद्धा धड बोलून न झालेली गोष्ट टिंकर्स क्रीकच्या प्रत्येक दुकानाच्या काचेवर लागली. ‘जुनी विरुद्ध नवी! खुलवलेल्या करवतींचा महासामना. पॉवर की टॉर्क?’ खाली लिहिलं होतं, ‘करवतीचे नामांकित तज्ज्ञ ए. पायबस आणि एन. स्कीट’. पतपेढीच्या काचेवरही एक लागलं. व्यवस्थापक ते बराच वेळ वाचत उभे राहिले आणि म्हणाले, “तुमची ही बाजू आम्हाला ठाऊक नव्हती, पायबस.” ऑल्विन नम्रपणे हसला. ही बाजू त्यालाही ठाऊक नव्हती.

नेव्हिल येणार नाही अशी त्याला आशा होती. पण नेव्हिलनं मंडळाला एका शब्दात कळवलं होतं: येतो.

शोच्या दिवशी ऊन पडलं आणि सगळा गाव लोटला. एकीकडे मेंढ्यांची लोकर कातरणं चाललं होतं, दुसरीकडे सॉसेज भाजल्याचा धूर, आणि मधल्या रिंगणात रेक्स टंक्सनं नीट वेल्डिंग करून बांधलेलं मापाचं यंत्र. काटा या वेळी खाटकाकडून आणला होता. त्यावर अर्धा बैल चढला तरी तो डगमगत नसे. इंजिन किती वेगानं फिरतं ते दाखवणारं एक घड्याळही होतं, आणि आकडे लिहायला शाळेचा फळा. लाउडस्पीकर क्लाइव्हच्या हातात होता. तो त्याच्या हातात कुणी दिला, याची चौकशी मंडळात पुढं बरेच दिवस चालली.

नवीची पाळी आधी आली. नेव्हिलनं एकदा दोरी ओढली आणि ती किंचाळून उठली. वेग वाढत गेला, काटा थोडा खाली गेला, रेक्सनं फळ्यावर आकडे मांडले आणि गर्दीनं टाळ्या वाजवल्या. नेव्हिलनं ऑल्विनकडे बघितलंसुद्धा नाही.

“आता,” क्लाइव्ह लाउडस्पीकरमधून म्हणाला, “आपले तज्ज्ञ मिस्टर पायबस म्हाताऱ्या हॅडनची करवत सुरू करतील.”

ऑल्विननं दोरी ओढली. मशीननं ती परत घेतली. त्यानं पुन्हा ओढली. मशीन पुन्हा हिसडली. तिसऱ्यांदा त्यानं कोट काढला.

“तज्ज्ञांनी कोट काढला आहे,” क्लाइव्हनं जाहीर केलं.

पुढच्या वेळी दोरीची मूठ त्याच्या हातातून सुटली आणि उलटी येऊन त्याच्या हनुवटीवर बसली. गर्दीत कुणीतरी हसलं, मग पुष्कळ जण हसले. पहिल्या रांगेत त्याचे व्यवस्थापक होते. ते हसले नाहीत, पण त्यांनी टोपी चेहऱ्यासमोर धरली. “तज्ज्ञ सध्या थोडी विश्रांती घेत आहेत,” क्लाइव्ह म्हणाला. “हे अगदी शास्त्रोक्त आहे.” ऑल्विनला वाटलं, आपण इथंच आडवं व्हावं आणि कुणीतरी आपल्यावर गवत टाकावं. त्याच्या घामानं चष्म्यावर वाफ धरली होती. त्या वाफेतून त्याला दिसलं, की नेव्हिल त्याच्याकडे चालत येतोय.

“असं नाही,” नेव्हिल हळूच म्हणाला. इतक्या आठवड्यांत तो पहिल्यांदा त्याच्याशी बोलत होता. “तू तिला ओढतोस. ओढायचं नाही आधी. दे इकडं.”

ऑल्विन बाजूला झाला. नेव्हिलनं मशीनवर पाय टेकवला आणि दोरी अगदी सावकाश, माशाची गळदोरी वर घ्यावी तशी वर घेतली. कुठंतरी ती अडली. तिथं तो थांबला. एक श्वास घेतला. मग एकच लहानसा झटका.

हॅडनची करवत सुरू झाली.

ते गुरगुरणं रिंगणाच्या मातीतून लोकांच्या बुटांत चढलं. जुनी लाकूडतोडी माणसं गर्दीत होती, त्यांनी माना वर केल्या. नेव्हिलनं हात काढला नाही. तो पन्नाशीचा, लाल मानेचा, रुंद खांद्यांचा माणूस होता, आणि त्याची हनुवटी लहान मुलासारखी हलत होती.

“कुठं शिकलास?” ऑल्विन त्याच्या कानाशी ओरडला.

“बघून,” नेव्हिल ओरडला. “ट्रकमधून बघायचो. हात लावू द्यायचे नाहीत मला ते.”

रेक्सनं ब्रेक आवळला. वेगाचं घड्याळ नव्या करवतीच्या अर्ध्यावरही जाईना, पण खाटकाचा काटा खाली खाली जात राहिला आणि इंजिन बंद पडेना. आकडे फळ्यावर चढले. रेक्सनं त्यांच्याखाली रेघ मारली, डोकं खाजवलं आणि क्लाइव्हच्या कानात काहीतरी सांगितलं.

“निकाल असा,” क्लाइव्ह म्हणाला, “की टॉर्क जुनीचा जास्त. पॉवर नवीची जास्त. म्हणजे दोन्ही जिंकल्या.”

असा निकाल टिंकर्स क्रीकमध्ये कुणी ऐकून घेणार नव्हतं. “म्हणजे कापेल कोण?” मागून कुणीतरी विचारलं. “कापायचं नव्हतंच,” क्लाइव्ह म्हणाला. त्यावर सॉसेजच्या रांगेत दोन तट पडले, एक म्हातारा टॉर्कच्या बाजूनं इतका तावातावानं बोलू लागला की त्याला खुर्ची द्यावी लागली, आणि कुणीतरी रेक्सला गाठून विचारलं, की दोघांनाही ‘तुझीच भारी’ असं तू सांगितलं होतंस ते कसं. “दोघांनाही खरंच सांगितलं की,” रेक्स फळा दाखवत म्हणाला. त्या दिवशी त्याच्याकडे आणखी बऱ्याच करवती आल्या.

रिंगणाच्या कडेला गवताच्या गंजीवर नेव्हिल करवत मांडीवर घेऊन बसला होता. ऑल्विन त्याच्या शेजारी बसला. त्याची हनुवटी सुजली होती.

“मी तिला उघडायला नको होतं,” तो म्हणाला. “मला फक्त तुझं तोंड बंद करायचं होतं.”

“आवाज बरा झालाय तसा,” नेव्हिल म्हणाला. मग थोड्या वेळानं, “पण तुलाच का दिली रे त्यांनी? मला एवढंच कळत नाही. मी रोज त्यांच्यामागं जंगलात जायचो. तू तर एकदासुद्धा आला नाहीस.”

उत्तर दिलं ते ग्लेनिसनं. ती जॅमच्या मांडवातून आली होती, तिच्या हातात परीक्षकांनी परत केलेली बाटली होती, आणि आज ती कुणाचीही गय करण्याच्या मनःस्थितीत नव्हती.

“मी सांगते,” ती म्हणाली. “मी होते तिथं. बाबा म्हणाले, नेव्हिलला दिली तर तो एका वर्षात झिजवून फेकून देईल, आणि एखाद दिवशी स्वतःचा पायही घालवील. एकुलता एक मुलगा आहे. ऑल्विनला दे. म्हणाले, त्याच्याकडे ती सुरक्षित राहील, कारण त्याला ती जन्मात सुरू करता येणार नाही.”

लोकरीच्या मांडवातून मेंढीचं बेंबटणं ऐकू येत होतं.

“असं म्हणाले?” नेव्हिल म्हणाला. “पायाचं?”

“रडत म्हणाले.”

नेव्हिलनं करवतीकडे बघितलं, मग ऑल्विनच्या हनुवटीकडे बघितलं, आणि त्याला हसू फुटलं. ते थांबेना. तो गंजीवरून घसरून खाली बसला तरी थांबेना. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

ऑल्विनला मात्र काय करावं कळेना. सासऱ्यानं आपल्यावर विश्वास टाकला, या एका गोष्टीवर तो गेली कित्येक वर्षं थोडा ताठ चालत आला होता. आता कळलं, की विश्वास टाकला होता, पण तो भलत्याच गुणावर. एका परीनं हा अपमानच होता. दुसऱ्या परीनं बघितलं तर म्हाताऱ्यानं त्याची पारख अगदी अचूक केली होती, आणि पतपेढीत इतकी वर्षं काढूनही तशी पारख त्याला एकाही कर्जदाराची करता आली नव्हती.

“मला आधीच सांगायचंस ना हे,” तो ग्लेनिसला म्हणाला.

“तुला वाईट वाटलं असतं,” ती म्हणाली. “आता काटा मोडल्यावर नाही वाटत मला त्याचं काही.”

त्यानं करवत नेव्हिलच्या मांडीवरून परत घेतली नाही. “ने तू,” एवढंच म्हणाला. “पाय सांभाळ.” शो संपल्यावर ऑल्विननं घरी येऊन डिकी उघडली तेव्हा आत टॉवेलात गुंडाळलेली नवी करवत होती. कधी ठेवली, कुणी बघितलं नाही.

निलगिरी पुढच्या तीन रविवारी कापला गेला. हॅडनची करवत नेव्हिल जाड बुंध्यात घालायचा आणि ती संथपणे, न अडखळता, आरपार उतरायची. ऑल्विन फांद्यांकडे होता. नवी करवत त्याच्या हातात एका झटक्यात सुरू झाली तेव्हा तो दचकून मागं सरला, मग तिच्याकडे बघून थोडा हसला, आणि त्यानंतर त्याला आवरणं कठीण झालं. फांद्या संपल्या तसा तो कुंपणाच्या जुन्या खांबाकडे वळला, मग थेल्माबाईंच्या बागेत वाळलेलं काही आहे का विचारून आला. क्लाइव्हनं आपली लिलॅकची झुडपं मोजून ठेवली.

थंडी पडली, जळण रचून झालं आणि पहिल्यांदा शेगडी पेटवली त्या रविवारी नेव्हिल जेवायला आला. बोटांना ग्रीस होतं. तो पाय पसरून शेगडीपाशी बसला आणि म्हणाला, “शेवटी सगळा खेळ टॉर्कचा आहे, बघ. पॉवर म्हणजे काय, नुसता आरडाओरडा.”

ऑल्विननं काटा खाली ठेवला.

“हे बघ, नेव्हिल,” तो म्हणाला, “टॉर्क वगैरे बोलायला ठीक आहे. पण दिवसभरात काम किती उरकलं, त्याला शेवटी पॉवरच लागते.”

“अरे, पण जाड लाकडात अडकल्यावर?”

“अडकायचंच कशाला मुळात? वेग असला की...”

ग्लेनिस उठली. तिनं टेबलावरची पाव्हलोव्हा, म्हणजे मलईचा गोड केक, वरच्या रास्पबेऱ्यांसकट, दोन्ही हातांनी उचलली, पायानं दार ढकललं आणि ती थेल्माबाईंकडे गेली. कोंबड्या पुन्हा अंडी घालू लागल्यापासून थेल्माबाई तिला बोलावतच होत्या. त्या दोघींनी ती निवांत बसून खाल्ली, क्लाइव्हला कुंपणावरून एक वाटी दिली, आणि अंधार पडेपर्यंत पायबसांच्या घरातून गोडाची चौकशी करायला कुणीही आलं नाही.